पुढच्या सीटवर कुणी बसायचं नाही

गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये एसीसाठी आली होती. २०१२ सालची पांढरी सेडान, अंगावर एक ओरखडा नाही, सीटना घरी शिवलेली कव्हरं. मालक दांडिया बाजारातले, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. सर्व्हिस ॲडव्हायझर मराठीत बोलतेय म्हटल्यावर बडोद्यातले आपले जुने लोक जरा सैलावतात, तसे तेही सैलावले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याला निघायचं होतं, पुतण्याच्या मुलीच्या लग्नाला. "एसी तेवढा बघून दे बेटा, आक्काला उकाडा सोसत नाही," म्हणाले.

जॉब कार्ड उघडायला मी चॅसिस नंबर टाकला आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली. पेंडिंग कॅम्पेन, म्हणजे राहून गेलेलं रिकॉलचं काम: चालकाशेजारच्या सीटच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर, ती फुगवणारा भाग. कंपनीनं ही गाडी काही वर्षांपूर्वीच परत बोलावली होती आणि ती कुठल्याच वर्कशॉपमध्ये गेली नव्हती.

"काका, गाडी नवी घेतलीत का?"

"नाही गं. सुरतच्या एका गृहस्थांकडून. त्यांनी फार जपून वापरली होती."

उलगडा झाला. आरसी काकांच्या नावावर झाली होती, विमाही झाला होता, पण आमच्या यादीत अजून सुरतचाच पत्ता आणि सुरतचाच मोबाइल नंबर होता. पत्रं गेली ती तिकडे, मेसेज गेले ते तिकडे. गाडी विकून मोकळा झालेला माणूस असं पत्र नव्या मालकाला शोधून पाठवत नाही. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे मी सारखं बघते आणि प्रत्येक वेळी अस्वस्थ होते, कारण सेकंडहँड गाडी घेणाराच बहुतेक वेळा ती जास्त वर्षं वापरतो.

काकांचा चेहरा बदलला. "म्हणजे आता एअरबॅग बदलायची? एसीसाठी आलो मी. गाडी उत्तम चालते. फुकट म्हणाल आणि मग बिलात भलतंच काही निघेल." मला त्याचं वाईट वाटलं नाही. वर्कशॉपच्या बिलानं पोळलेली माणसं आम्ही रोज बघतो. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. रक्कम शून्य, मजुरी शून्य. रिकॉलच्या कामाचे पैसे मालकाकडून घेतले जात नाहीत. वॉरंटी संपलेली असो, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातातली असो किंवा मधली सगळी सर्व्हिसिंग बाहेर झालेली असोत.

पण "गाडी उत्तम चालते" याचं काय करायचं? या दोषाची अडचण हीच आहे. ब्रेक घासले तर आवाज येतो, एसीचा गॅस गेला तर घाम येतो. इन्फ्लेटर बिघडलेला असला तरी गाडी तशीच चालते, डॅशबोर्डवर दिवासुद्धा लागत नाही. कळतं ते एकदाच, धडक झाल्यावर.

मास्तरांना नुसतं "धोका आहे" म्हणून पटलं नसतं, म्हणून मी कागदावर चित्र काढलं. इन्फ्लेटर म्हणजे धातूची बंद डबी, आत रसायनाच्या गोळ्या. धडक झाली की गोळ्या पेटतात आणि त्यांचा वायू डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवीत भरतो. या गोळ्यांमध्ये अमोनियम नायट्रेट होतं आणि ओल शोषून घेणारा पदार्थ डबीत ठेवलेला नव्हता. वर्षानुवर्षं ऊन, दमट हवा, तापणं आणि निवणं सोसून त्या गोळ्या भुसभुशीत होतात. लाकडाचा ओंडका सावकाश जळतो, त्याचाच भुसा भपकन पेटतो, तसं. वायूचा दाब डबीला पेलत नाही, ती फुटते आणि तिचे तुकडे पिशवी फाडून समोरच्या माणसाच्या गळ्यात, चेहऱ्यात घुसतात. हलक्याशा धडकेतही. या एका दोषापायी जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, ते बनवणाऱ्या जपानी पुरवठादाराचं २०१७ साली दिवाळं निघालं आणि एकट्या अमेरिकेत दोन डझनांहून जास्त माणसं गेली. तिथेही धोका जास्त ठरला तो फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट राज्यांत. बडोद्याचा मे महिना आणि त्यामागून येणारा पावसाळा काकांना मी काय सांगणार!

काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या सीटवर आक्का बसते. तिचे गुडघे मागे मावत नाहीत."

आक्का म्हणजे त्यांच्या थोरल्या बहीण, ऐंशीच्या घरातल्या.

आमच्याकडे तो सुटा भाग शिल्लक नव्हता. मागवला की यायला काही दिवस लागणार होते. त्यांच्या चॅसिस नंबरवर फक्त डाव्या बाजूचं कॅम्पेन होतं, म्हणून मी सांगितलं की भाग येईपर्यंत गाडी चालवा, पण पुढच्या सीटवर कुणीही बसायचं नाही, लहान मूल नाही आणि आक्काही नाहीत. इन्फ्लेटर ड्रायव्हरकडचा असता तर किल्ली इथेच ठेवा म्हणाले असते. त्यावर फतेगंजमधला त्यांचा माणूस पाच मिनिटांत वायर काढून देईल, असं त्यांनी सुचवलं. हे अनेकांच्या मनात येतं. पण एअरबॅगच्या वायरिंगला माहिती नसताना हात लावला तर ती जागच्या जागी उडू शकते, आणि वायर सुटलेल्या गाडीत धडक झाली तर पिशवीचा आधारच उरत नाही. आमचे मेकॅनिकसुद्धा आधी बॅटरी काढून काही मिनिटं थांबतात, मगच डॅशबोर्ड उघडतात. भंगारातून आणलेली एअरबॅग बसवणं तर त्याहून वाईट, कारण तिच्यातही हाच इन्फ्लेटर असू शकतो.

काकांनी तिथूनच घरी फोन लावला. आक्कांचा आवाज मला काऊंटरपलीकडून ऐकू येत होता. लग्नाला जायचं म्हणजे जायचं, आणि मी मागे बसणार नाही. काका एक-दोनदा समजावू लागले आणि मध्येच थांबले. शेवटी म्हणाले, "आक्का, गाडी घरी राहील. आपण रेल्वेनं जाऊ." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण त्यांनी लगेच तिकिटासाठी भाच्याला फोन केला. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. समोर शून्य रुपयांचं काम, चालती गाडी, दाराशी आलेलं लग्न, आणि तरी माणसानं न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवून बेत बदलला.

हे बोलणं काऊंटरवरचे इतर गिऱ्हाईक ऐकत होते. "मारी पण जोई आपो ने, बेन," म्हणत एकानं आरसी पुढे केली, मग दुसऱ्यानं. संध्याकाळपर्यंत मी नंबर टाकत होते. आरसीवरचा १७ आकडे-अक्षरांचा चॅसिस नंबर लागतो, बस. विमा पॉलिसीवरही तो असतो. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर तो टाकून घरबसल्या कळतं. गाडी कुणाकडून घेतली असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आपलं नाव, पत्ता, मोबाइल नोंदवायला सांगायचं, पुढचं पत्र मग आपल्याकडे येईल. नवा दोष सापडला असं वाटलं तर केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात रिकॉलची तरतूद आली आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सरकारला कंपनीला गाड्या परत बोलवायला लावता येतं, १ कोटीपर्यंत दंडही आहे. मात्र ही सक्ती ७ वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी. काकांच्या गाडीसारख्या जुन्या गाड्या कंपनी स्वेच्छेनं बोलावते. म्हणून जुन्या गाडीच्या मालकानं स्वतःच चौकशी केलेली बरी.

भाग आला तेव्हा काका पुण्याहून परतले होते. काम तासाभरात झालं. जुना इन्फ्लेटर त्यांनी बघायला मागितला. आम्ही तो लांबूनच दाखवला आणि पॅक करून कंपनीकडे परत पाठवायला ठेवला, तो दुसऱ्या कुठल्या गाडीत जाता कामा नये. काम झाल्याची नोंद असलेल्या जॉब कार्डची प्रत त्यांनी आरसीच्या पाकिटात घातली. पुढे गाडी विकताना ती लागेल, हे मी सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं होतं.

मग खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. गल्लीतल्या गाड्यांचे चॅसिस नंबर, त्यांच्या रेखीव अक्षरात. दोन आमच्या कंपनीच्या होत्या, त्या मी तिथेच तपासल्या. बाकीच्यांना आपापल्या कंपनीकडे विचारायचं, असं समोर लिहून दिलं. यादीत शेवटी सुनेची स्कूटर होती.

"दुचाकीचंही असतं का गं हे?"

"असतं काका. पद्धत तीच, चॅसिस नंबर घेऊन त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारायचं."

"तो मला स्कूटरवर सापडला नाही," ते म्हणाले. "इथं नुसता पाटीवरचा नंबर लिहिलाय."

"आरसीवर असेल," मी म्हणाले, आणि त्यांनी तिथूनच सुनेला फोन लावला.