काल्पनिक देवांची यादी विश्वकोशात ठेवायची की वगळायची: माझा अनुभव

इंग्रजी विकिपीडियावर कादंबऱ्या, सिनेमे, कॉमिक्स आणि खेळांतल्या देवांची एक लांबलचक यादी वगळावी असा प्रस्ताव आला. ठाण्यातले आम्ही काही संपादक त्या चर्चेत उतरलो. असली चर्चा कशी चालते आणि कुठे अडते, ते कामापुरतं सांगतो.

प्रस्ताव आला की लेखाच्या डोक्यावर सूचना लागते आणि चर्चेचं स्वतंत्र पान उघडतं. मुदत किमान सात दिवसांची. कुणीही यावं, ठळक अक्षरात 'ठेवा', 'वगळा', 'विलीन करा' किंवा 'पुनर्निर्देशन' (म्हणजे वाचकाला दुसऱ्या लेखाकडे वळवणं) लिहावं आणि पुढे कारण द्यावं. नवे लोक हे मतदान समजतात. ते मतदान नाही. शेवटी चर्चेत भाग न घेतलेला प्रचालक (जादा अधिकार दिलेला संपादक) सगळं वाचून निकाल लिहितो, आणि कारणाशिवाय पडलेल्या दहा 'ठेवा' त्याच्या लेखी जवळजवळ शून्य असतात. 'मला आवडते', 'उपयोगी आहे', 'राक्षसांची यादी चालते मग देवांची का नाही' ही कारणं तर अजिबात मांडू नयेत. ती वाचूनच तिथले जुने लोक वैतागलेले असतात.

प्रस्तावात मुद्दे तीन होते: यादीला सीमा नाही, संदर्भ नाहीत, आणि आहे तो नुसता कथानकाचा गोषवारा. तिन्ही खरे होते, आणि ते मान्य करूनच सुरुवात केलेली बरी. त्यातले शेवटचे दोन दुरुस्तीने सुटतात, आणि लेख सुधारता येत असेल तर वगळू नये हा तिथला संकेतच आहे. सीमेचा मुद्दा मात्र अवघड. जगातल्या प्रत्येक कल्पनारम्य मालिकेत आणि प्रत्येक व्हिडिओ गेममध्ये दोन-चार देव असतातच. सगळे घ्यायचे म्हटले तर यादीला अंत नाही.

आधी उल्लेखनीयता, म्हणजे विषय विश्वकोशात येण्याइतका दखलपात्र आहे का. यादीतली प्रत्येक नोंद स्वतंत्र लेखाच्या योग्यतेची असावी लागत नाही. त्या गटाचा गट म्हणून विचार कुणा त्रयस्थ, विश्वासार्ह अभ्यासकाने केलेला आहे का, एवढं दाखवावं लागतं. आमच्या बाजूला 'एन्सायक्लोपीडिया ऑफ सायन्स फिक्शन' होता. १९७९ साली पहिल्यांदा छापलेला आणि २०११ पासून ऑनलाइन मोफत असलेला हा कोश. त्यात देव आणि दानव या विषयावर स्वतंत्र नोंद आहे. यावर समोरून आलेला आक्षेप चोख होता: यातून 'विज्ञानकथेतले देव' हा विषय सिद्ध होतो, त्यावर लेख लिहा, यादी कशाला? त्याला उत्तर हे, की लेख आणि यादी एकमेकांच्या आड येत नाहीत. यादीऐवजी वर्ग, म्हणजे एका विषयाच्या पानांची आपोआप बनणारी सूची, हाही पर्याय सुचवला गेला. पण वर्गात नुसती नावं राहतात, संदर्भ किंवा एका ओळीचं स्पष्टीकरण बसत नाही, आणि स्वतःचं पान नसलेली नोंद वर्गात येऊच शकत नाही.

संदर्भ शोधताना फॅन-विकी (चाहत्यांनी चालवलेली संकेतस्थळं) सोडूनच द्यायचे, कारण तिथे कुणीही काहीही लिहितं. खेळाच्या कंपनीने स्वतः छापलेली पुस्तिका प्राथमिक स्रोत धरतात. नाव, वर्ष यासाठी ती चालते, महत्त्व सिद्ध करायला नाही. जेस्टॉरसारखे शोधनिबंधांचे सशुल्क संग्रह 'विकिपीडिया लायब्ररी'तून फुकट वाचता येतात. अट अशी: खातं सहा महिने जुनं, एकूण ५०० संपादनं, गेल्या महिन्याभरात किमान दहा आणि खात्यावर बंदी नको. चर्चा सुरू झाल्यावर खातं उघडणाऱ्याला याचा उपयोग नाही.

आता सीमा. इथे श्रद्धेच्या वाटेला जाऊच नये. नास्तिक म्हणणार सगळेच देव काल्पनिक, भाविक म्हणणार आमचे तर खरे, आणि सात दिवस त्यातच जाणार. आम्ही निकष असा मांडला: ज्ञात लेखकाने किंवा निर्मात्याने एखाद्या कलाकृतीसाठी नव्याने घडवलेला, आणि देव म्हणून ज्याची दखल त्रयस्थ स्रोताने घेतलेली आहे असा. मग एकेक नाव त्यावर घासून पाहिलं.

लॉर्ड डन्सेनी या लेखकाने १९०५ साली एक अख्खं देवमंडळ स्वतःच रचलं होतं, ते सरळ आत. भयकथालेखक लव्हक्राफ्टचा कथूलू (फेब्रुवारी १९२८, 'वीअर्ड टेल्स' मासिक) खरं तर परग्रहावरून आलेला जीव, पण कथेत त्याचा पंथ आहे आणि समीक्षकांनी त्याच्या देवपणाबद्दल भरपूर लिहिलंय, म्हणून आत. मार्व्हल कॉमिक्समधला 'थोर' हा देव १९६२ चा असला तरी मूळ नॉर्स (उत्तर युरोपातल्या) पुराणकथांतला, सबब बाहेर. 'उडत्या स्पॅगेटी राक्षसा'चा जन्म २००५ सालच्या एका उपरोधिक पत्रातला, कथेतला नव्हे. त्याला 'हेही पहा'मध्ये जागा दिली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'कार टोल्किनच्या एरू या सृष्टिकर्त्या देवाबद्दल वाद नव्हता. त्याच्या हाताखालच्या व्हालारांवर मात्र मोठी चर्चा रंगली, कारण त्यांना देव म्हणावं की देवदूत यावर अभ्यासकच एकमताचे नाहीत.

सगळ्यात घोळ होता तो 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळामुळे. १९८० साली आलेल्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तिकेत ग्रीक, नॉर्स, भारतीय देव आणि लेखकांनी रचलेले देव एकाच पंगतीला बसवलेत. इंद्र आहे, अग्नी आहे, आणि प्रत्येकाला मारामारीसाठी गुणांक दिलेत. कुणीतरी ही पुस्तिका समोर ठेवून यादी भरलेली, त्यामुळे ऋग्वेदातला इंद्र काल्पनिक देवांत येऊन बसला होता. या एका ओळीने जेवढी भांडणं लावली तेवढी उरलेल्या यादीने लावली नसतील. निकष लावताच ती ओळ गेली आणि तिच्यासोबत असल्या बऱ्याच गेल्या. संतोषीमातेचं नावही कुणी काढलं. १९७५ च्या सिनेमाने तिला घराघरात नेलं हे खरं, पण तिची व्रतं होतात, देवळं आहेत. ती या यादीत येत नाही.

उलट 'तुंबाड' (२०१८) मधला हस्तर. तो पुराणातला आहे असं अनेकजण ठामपणे सांगतात, पण तो सिनेमासाठीच घडवलेला. ही ओळ आम्ही नमुना म्हणून चर्चेत ठेवली: नाव, कलाकृती, वर्ष, 'समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र, ज्याची पूजा निषिद्ध', आणि पुढे त्रयस्थ समीक्षेचा संदर्भ. गोषवारा एका वाक्याच्या पुढे नाही. यादी अशी दिसू शकते हे डोळ्यांनी दिसलं तेव्हा 'वगळा' म्हणणाऱ्यांपैकी काहींनी आपलं मत खोडून खाली नवं लिहिलं. मत बदलताना जुनं पुसत नाहीत, त्यावर आडवी रेघ मारतात.

आता जपायच्या गोष्टी. व्हॉट्सअॅप गटावर 'सगळे या, ठेवा म्हणा' असा निरोप टाकणं म्हणजे बाजू स्वतःच बुडवणं. लोक गोळा करून आणण्याला तिथे सक्त मनाई आहे, आणि त्या एकाच चर्चेपुरत्या उगवलेल्या खात्यांपुढे लगेच तशी टीप लागते. एका वाय-फायवरून चौघांनी लिहिलं तर ती एकाच माणसाची चार खाती असल्याचा संशय येऊ शकतो. वाचनालयात किंवा कुणाच्या घरी एकत्र बसत असाल तर सदस्यपानावर तसं आधीच लिहून ठेवा. संबंधित प्रकल्पाच्या (त्या विषयावर काम करणाऱ्या संपादकांच्या गटाच्या) पानावर तटस्थ शब्दांत सूचना द्यायला मात्र हरकत नाही.

आणि चर्चा चालू असतानाच यादी साफ करायला घ्या. त्याला बंदी नाही, फक्त वरची सूचना काढायची नाही. मोठी काटछाट केली की चर्चेत त्याची एक ओळ टाका, नाहीतर आधी लिहिलेल्यांची मतं जुन्या मजकुरावरची राहतात.

सात दिवसांत कौल स्पष्ट नसेल तर चर्चा आणखी सात दिवस वाढवतात, सहसा दोनदाच. त्यानंतरही एकमत नसेल तर लेख राहतो. आमच्या यादीचा निकाल तसाच लागला, 'एकमत नाही', म्हणजे उद्या कुणी पुन्हा प्रस्ताव आणू शकतो. विलीनीकरण झालं असतं तर जुन्या पानाचा इतिहास जपावा लागला असता, कारण परवान्याप्रमाणे मूळ लिहिणाऱ्यांचं श्रेय पुसता येत नाही. निकाल पटला नाही तर फेरविचाराची सोय आहे, पण तिथे प्रक्रियेतली चूक, चर्चेचा चुकीचा लावलेला अर्थ किंवा नव्याने समोर आलेली महत्त्वाची माहिती दाखवावी लागते. तोच वाद नव्याने घालता येत नाही.

निकष आता यादीच्या पहिल्या परिच्छेदात आहे, आणि संपादनाच्या खिडकीतच दिसेल अशी लपलेली टीपही ठेवली आहे: संदर्भ नसलेली नोंद काढली जाईल. तरी दर थोड्या दिवसांनी कुणीतरी आपल्या आवडत्या गेममधले आठ देव एका झटक्यात टाकून जातो. ते काढताना संपादनाच्या सारांशात निकषाचा दुवा द्यायचा आणि त्या माणसाच्या चर्चापानावर दोन ओळी लिहायच्या. नुसतं उलटवलं तर तो तेच पुन्हा टाकतो.