तिळातही तेच म्युटेशन, मग तिळाचा कॅन्सर का होत नाही?

ब्रॅफ या जनुकाबद्दल बोलून झालं की प्रश्नांच्या वेळी एक हात हमखास वर येतो. "या जनुकातल्या एका बदलामुळे मेलानोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा कॅन्सर, होतो म्हणालात. तोच बदल अंगावरच्या साध्या तिळातही असतो असंही म्हणालात. मग तिळाचा कॅन्सर का होत नाही?" तिथे मी दोन मिनिटांत काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा सावकाश सांगतो.

ब्रॅफपासून बनणारं प्रथिन कायनेज आहे. म्हणजे एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतला एक फॉस्फेट काढायचा आणि दुसऱ्या प्रथिनाला चिकटवायचा, एवढंच त्याचं काम. बाहेरून "वाढ" असा निरोप आला की तो प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकतो: रासकडून ब्रॅफकडे, ब्रॅफकडून मेककडे आणि मेककडून अर्ककडे जातो. (अर्क या नावाला विद्यार्थी दर वर्षी हसतात. हसू द्यावं, नाव लक्षात राहतं.) अर्क केंद्रकात शिरतो आणि विभाजनाच्या तयारीला लागतो. काम झालं की सगळ्यांनी गप्प बसायचं असतं.

२००२ साली ब्रिटनमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या गटाला मेलानोमाच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत ब्रॅफ बिघडलेलं दिसलं. बिघाडही बहुतेक वेळा एकच. डीएनएतलं एक अक्षर बदललेलं, त्यामुळे प्रथिनाच्या माळेत ६००व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिक आम्ल. या बदलाने कायनेजचा जोर सुमारे ५०० पटींनी वाढतो. दारात कुणी नसताना बेल अडकून वाजत राहावी, तसं. पुढच्याच वर्षी कुणीतरी साधे तीळ तपासले आणि त्यांतल्या दर पाचांपैकी चारांत हाच बदल निघाला.

आता तीळ म्हणजे काय ते आठवा. रंगद्रव्य बनवणारी एक पेशी कधीतरी वाढायला लागते, तिच्यापासून हजारो पेशी होतात, काही मिलिमीटरचा ठिपका तयार होतो आणि मग वाढ थांबते. पुढे कित्येक वर्षं तो तसाच. बेल वाजतेच आहे, पण घरातल्यांनी दार उघडणं सोडून दिलंय.

या थांबण्याचा सुगावा तिळांच्या आधीच लागला होता. १९९७ मध्ये निरोगी पेशींत बिघडलेलं रास घालून पाहिलं गेलं. रास कॅन्सर घडवतं हे ठाऊक होतं, तेव्हा पेशी बेफाम वाढायला हव्या होत्या. त्या उलट थबकल्या, पसरट झाल्या, म्हाताऱ्या दिसू लागल्या. पेशींचं म्हातारपण तोवर वेगळ्या कारणाने माहीत होतं. लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत सुमारे ५० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. तिथे टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, झिजत गेल्यामुळे विभाजनांचा हिशोब संपतो. इथे हिशोब संपलेला नाही. हे म्हातारपण निरोपाच्या अतिरेकामुळे अकाली आलेलं आहे. २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या एका गटाने माणसाच्या तिळांत त्याच खुणा दाखवल्या. त्यातली महत्त्वाची खूण म्हणजे पी१६ हे प्रथिन. विभाजनाला पुढे ढकलणाऱ्या दोन कायनेजना ते धरून ठेवतं. ज्या कुटुंबांत पी१६चं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं, त्यांच्यात मेलानोमाचं प्रमाण खूप जास्त दिसतं. लगाम कुणाच्या हातात आहे हे यावरून कळतं.

तेव्हा थोडक्यात उत्तर असं: ब्रॅफ एकटं पेशीला कॅन्सरपर्यंत नेत नाही, ते तिला म्हातारं करून सोडतं. पुढे जायला पी१६ किंवा पीटेन यांसारखा आणखी एखादा पहारेकरी पडावा लागतो. एखाद्या विशिष्ट तिळात असं होण्याची शक्यता फार कमी असते. बहुतेक मेलानोमा तर जुन्या तिळातून नव्हे, साध्या त्वचेतूनच सुरू होतात. (तीळ आकार, कडा किंवा रंग बदलू लागला तर मात्र माझं काही न ऐकता डॉक्टरांना दाखवा.)

मला या कथेत आवडतो तो तिचा तिरकसपणा. म्हातारपणाला आपण नुसती झीज समजतो. पेशीच्या पातळीवर ते कॅन्सरला घातलेली खीळही आहे. पण फुकट नाही. थांबलेल्या पेशी मरत नाहीत, बसल्या जागी दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात, आणि वयाबरोबर अशा पेशी साचत जातात. २०११ मध्ये लवकर म्हातारे होणाऱ्या उंदरांतून पी१६वाल्या पेशी काढून टाकल्या, तर वयाबरोबर येणाऱ्या काही तक्रारी लांबल्या.

त्याच वर्षी बिघडलेल्या ब्रॅफला रोखणारं वेमुराफेनिब हे मेलानोमावरचं औषध अमेरिकेत मंजूर झालं. गाठी झपाट्याने विरघळल्या, बहुतेकांत काही महिन्यांनी परतल्या. आणि एक विचित्र गोष्ट दिसली: काही रुग्णांच्या त्वचेवर दुसऱ्याच प्रकारचे कॅन्सर उगवले. ज्या पेशींत ब्रॅफ ठीक आणि रास बिघडलेलं, तिथे हे औषध साखळी बंद करण्याऐवजी जोरात चालू करतं. सोबत मेकला रोखणारं दुसरं औषध दिल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला.

एवढं ऐकून समाधान झालं असेल तर थोडं बिघडवतो. २०२० मध्ये उंदरांच्या तिळांतल्या पेशी एकेक करून तपासल्या गेल्या, आणि थांबलेल्या असूनही त्यांत म्हातारपणाच्या अपेक्षित खुणा सापडल्या नाहीत. कदाचित शेजारच्या पेशींची दाटी जाणवून त्या थांबत असाव्यात, असं त्या गटाचं म्हणणं. मी अजून जुन्या उत्तराकडेच झुकतो. पण अर्धवट काढलेला तीळ कधीकधी त्याच जागी पुन्हा उगवतो, हे त्वचारोगतज्ज्ञ फार पूर्वीपासून पाहत आलेत. म्हातारी पेशी पुन्हा वाढायला लागते ती कशी, हे मला कुणी अजून विचारलेलं नाही.