सीताफळाच्या बिया

गाडीतून उतरलो तेव्हा शाळेच्या पटांगणात पोरांबरोबर म्हाताऱ्याही बऱ्याच दिसल्या. डिसेंबरात बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात हे असंच असतं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टर भरभरून कारखान्यांकडे जातात, गावात उरतात आज्या आणि नातवंडं. शाळेतल्या हंगामी वसतिगृहात पोरांची जेवायची सोय होते. पण पोरीच्या वेणीची सोय कुठल्याही योजनेत बसत नाही. ते काम आईचं, आणि आई उसाच्या फडात.

आमचं पथक चौघांचं. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माण अधिकारी आणि एक सिस्टर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 पासून चालू आहे. अंगणवाड्या वर्षातून दोनदा तपासायच्या, शाळा एकदा. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, दृष्टिदोष, रक्तक्षय, वाहते कान अशी ठरलेल्या आजारांची यादी घेऊन आम्ही फिरतो. त्वचेच्या रोगांत खरूज आहे, गजकर्ण आहे. उवा नाहीत. कार्डावर त्यांना रकानाच नाही. उवा दिसल्या की आम्ही 'इतर'मध्ये लिहितो आणि पुढच्या पोराला बोलावतो. मीही तेच करत आले होते.

चौथीतली एक पोरगी ओढणीचा बोळा उजव्या डोळ्यावर दाबून रांगेत उभी होती. बाईंनी लांबूनच सांगितलं, "मॅडम, हिचे डोळे आलेत, हात लावू नका." मी तिला बाकावर बसवलं. बोळा काढला तर पापणी सुजलेली, गालावरून पाण्याची धार. डावा डोळा मात्र स्वच्छ पांढरा. डोळे आले की बहुतेकदा एकापाठोपाठ दुसराही येतो, चिपड धरतं, आणि तरीही लेकरू डोळा उघडून बघतं. हिला उजेडच सहन होईना. टॉर्च लावली तशी ती किंचाळून मागे सरकली. काही लागलं का, कुसळ गेलं का, विचारलं. ती गप्प.

सिस्टरच्या हाताला तिचे केस लागले आणि तिनं बोटं नाकाशी नेली. "मॅडम, हे नुसतं खोबरेल नाही." मी वाकून पाहिलं. केसांच्या मुळाशी मातकट भुकटी बसली होती, तेलात कालवलेली, वाळून टाळूला चिकटलेली. मानेवर, कानामागे खाजवून खाजवून झालेल्या जखमा, त्यावर पिवळ्या खपल्या. मानेतल्या गाठी हाताला लागत होत्या. आणि त्या भुकटीतून एक ऊ निवांत चालत होती.

"काय लावलंय गं डोक्याला?"

"आजीनं बियांची पूड लावली."

"कसल्या बिया?"

"सीताफळाच्या."

हा सगळा पट्टा सीताफळाचा. इथल्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. हंगाम संपला की घरोघरी बियांच्या पुरचुंड्या उरतात. त्या वाटून डोक्याला लावायच्या, फडकं बांधून रात्रभर ठेवायचं, सकाळी धुवायचं, हा उपाय इथे आईकडून लेकीला आलेला. आणि तो खोटा नाही, त्या पुडीनं उवा मरतात. पण धुताना तेच पाणी डोळ्यात उतरलं की बुबुळावरचा वरचा नाजूक थर सोलून निघतो. हे मी वाचलं होतं. एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं.

मग बाकीची रांग तशीच थांबली. उपकेंद्रातून सलाईनच्या बाटल्या मागवल्या. त्या येईपर्यंत शाळेच्या फिल्टरचं पाणी तांब्यात घेतलं, सिस्टरनं तिचं डोकं मांडीवर कुशीला धरलं आणि मी नाकाकडून कानाकडे बारीक धार सोडत राहिले. पापणी उलटली तर आतल्या बाजूला दोन करडे कण चिकटलेले. ओल्या बोळ्यानं ते टिपले. बाटल्या आल्यावर पुन्हा धार धरली. अर्धा तास तरी गेला असेल. आधी पोरगी रडत होती, मग नुसती हुंदके देत सिस्टरचा पदर चावत राहिली.

तोवर आजी आली. बोलावणं गेलं होतं, तेही "पोरीचा डोळा गेला" असं. ती धापा टाकत आली ती थेट माझ्या अंगावरच.

"म्या काय करावं बाई? मास्तरनं सांगून धाडलं, उवा हायेत, केस कापा न्हाईतर साळंत धाडू नका. आईबाप फडात. तिची आई पट्टा पडल्यावर, हंगाम सरल्यावर येईल, तर तिला काय दाखवू? लेकीचं डोस्कं भादरून ठिवलं म्हणू?"

मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, "मॅडम, मागच्या वर्षी तुम्हीच म्हणाला होतात, मुलींच्या डोक्यात फार उवा आहेत, काहीतरी करा म्हणून."

म्हटलं होतं खरं. गाडीत बसता बसता, एका वाक्यात. काय करायचं ते सांगितलं नव्हतं, मला पुढची शाळा गाठायची होती. गुरुजींनी त्यांना सुचलं ते केलं. वर्गप्रमुखाकडून यादी करून घेतली, प्रार्थनेच्या वेळी नावं वाचून दाखवली आणि सोमवारपासून केस कापूनच यायचं असं फर्मान काढलं. सोमवारी तीन पोरी आल्याच नाहीत. चौथी ही. रविवारी रात्री पूड लावून आलेली.

पोरीला आमच्याच गाडीतून ग्रामीण रुग्णालयात नेलं. नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांनी रंगाची पट्टी टेकवली आणि निळा उजेड टाकला. बुबुळाचा खालचा अर्धा भाग हिरवा चमकला. जिथे थर सोललेला असतो तिथेच तो रंग धरतो. जिल्ह्याच्या नेत्रतज्ज्ञांशी फोनवर बोलून त्यांनी प्रतिजैविकाचे आणि बाहुली मोठी करणारे थेंब सुरू केले, दर दिवसाआड दाखवायला सांगितलं. मी आजीला तीनतीनदा बजावलं की मेडिकलमधून मनानं दुसरे थेंब आणायचे नाहीत. लाल डोळ्याला स्टिरॉइडचे थेंब सर्रास मिळतात, आणि अशा जखमेत ते घात करतात.

तिथेच आईचा फोन आला. कर्नाटकातल्या कुठल्याशा फडातून, मागे मोळ्या भरताना माणसं ओरडतायत. डोळ्याचं सगळं विचारून झाल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "केस हायेत ना तिचे?"

दुसऱ्या दिवशी आमच्या वेळापत्रकात ती शाळा नव्हती. तरी जाताना तासभर उतरलो. गुरुजींची यादी मागून घेतली, अकरा नावं होती. सिस्टरनं पांढरा कागद पसरून एकेकीच्या डोक्यात फणी घातली. कंगवा नव्हे, बारीक दातांची दुतर्फी लाकडी फणी. चार पोरींच्या डोक्यात जिवंत ऊ एकही निघाली नाही. होत्या त्या नुसत्या लिखा, त्याही टाळूपासून दोन-तीन बोटं लांब. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि लीख घातली जाते ती मुळाला लागून. म्हणजे एवढ्या लांबची लीख कित्येक महिन्यांपूर्वीचं रिकामं टरफल. त्या चौघी फुकटच बदनाम झाल्या होत्या. आणखी एकीला तर नुसता कोंडा होता. कोंडा फुंकला की उडतो, लीख नखानं ओढल्याशिवाय सुटत नाही, एवढाच फरक बघायचा होता. उलट यादीत नसलेल्या सहा जणींच्या डोक्यात उवा सापडल्या, त्यात स्वतः वर्गप्रमुख.

गुरुजी कागदाकडे बघत राहिले. तिळाएवढ्या, राखाडी, कागदाच्या कडेकडे चालत निघालेल्या. "या उडत नाहीत का?" त्यांनी विचारलं. उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात. डोक्यावरून पडली तर ऊ एक-दोन दिवसांत मरते. त्यांनी वर्गात कीटकनाशक मारायचं ठरवलं होतं, पंपसुद्धा आणून ठेवला होता. तो मी तिथल्या तिथे परत पाठवला. आणि हेही सांगितलं की डोक्यातली ऊ कुठला ताप पसरवत नाही, ते काम अंगावरच्या कपड्यांत राहणाऱ्या उवांचं. उवा असलेल्या पोराला घरी बसवायचं कारण नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. गुरुजी म्हणाले, "मग इतकं मनावर कशाला घ्यायचं?" मी त्यांना पोरींच्या माना दाखवल्या. ज्या लेकराला रात्रभर खाज सुटते ते सकाळी पाढे काय म्हणणार? आणि जिचं नाव प्रार्थनेत वाचलं जातं ती शाळेत कशाला येईल?

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी उवा मारणारं पर्मेथ्रिन एक टक्क्याचं लोशन रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून घ्यायचं कबूल केलं. आधी ते हसले होते. जिल्ह्याच्या बैठकीत उवांचा विषय काढला की हसतातच. डोळ्याचं सांगितल्यावर थांबले.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पटांगणात बादल्या मांडल्या. आशाताई, दोन्ही बाई, वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई आणि जमलेल्या आज्या. नियम एकच होता, ज्यांच्या डोक्यात आहेत त्या सगळ्यांचं एकाच दिवशी. एकीचं आज आणि तिच्या बहिणीचं पुढच्या आठवड्यात केलं तर काहीच हाती लागत नाही, एका गोधडीत झोपणाऱ्या पोरी त्या. केस धुऊन, पुसून, ओलसर असताना लोशन मुळांना चोळायचं, कपाळावर फडकं घट्ट बांधायचं, दहा मिनिटांनी धुवायचं. धुताना मान मागे, डोळे मिटलेले. हे सांगावं लागलं नाही, त्या पोरीचा डोळा सगळ्या गावानं पाहिला होता.

मग फणी. उन्हात ओळीनं बसलेल्या पोरी, पाठीमागे आज्या, आणि नखावर नख दाबल्याचा तो बारीक आवाज. गप्पांना ऊत आला. कुणाच्या टोळीला मुकादमानं किती उचल दिली, फडावर कुणाची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, पेटली. मारकुटे म्हणून ओळखले जाणारे सहावीतले दोन भाऊ लाजत लाजत येऊन बसले, त्यांच्याही डोक्यात होत्या.

त्या पोरीची आजी बाजूला बसून दुसऱ्यांच्या नाती विंचरत होती. सिस्टर तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आजी, पदर काढा."

"माझ्यात न्हाईत."

"बघू तरी."

पदर काढला. त्या दिवशीच्या सगळ्या पटांगणात सर्वांत भरलेलं डोकं तिचं निघालं. पोरगी रोज रात्री तिच्याच कुशीत झोपत होती. आम्ही सगळे पोरींची डोकी मोजत बसलो होतो आणि म्हातारीच्या पदराखाली कुणी पाहिलं नव्हतं. आजी काही बोलली नाही. केस मोकळे सोडून तिनं सिस्टरकडे पाठ केली, बराच वेळ नुसती बसून राहिली आणि मग म्हणाली, "माझं कोण बघतंय गं, पोरी."

लोशननं अंडी पुरती मरत नाहीत. राहिलेली आठ-नऊ दिवसांत फुटतात, आणि त्यातली पिलं मोठी होऊन पुन्हा लिखा घालायच्या आत दुसरा हात द्यावा लागतो. त्या दुसऱ्या हाताचा सोमवार आमच्या वेळापत्रकात दुसऱ्याच गावाचा होता. आशाताईंनी आणि बाईंनी मिळून केलं. गुरुजींनी त्या दिवशी परिपाठ लवकर संपवला आणि स्वतः बंबात पाणी तापवून दिलं, असं आशाताईंनी फोनवर हसत सांगितलं.

डोळा सातव्या दिवशी भरून आला. जानेवारीत मी मुद्दाम वाट वाकडी करून गेले. पोरगी दोन लाल रिबिनींच्या वेण्या घालून दारात बसली होती. तक्त्यावरची शेवटची ओळ तिनं दोन्ही डोळ्यांनी वाचून दाखवली. आजीनं चहा ठेवला. चुलीशेजारच्या कोनाड्यात ती बियांची पुरचुंडी तशीच होती.

"ह्या टाकू का बाई?"

"टाका."

"शेरडाला लावू का? त्येच्याबी अंगात लई झाल्यात."

"आणि शेरडाचे डोळे कोण धरणार?"

आजीनं शेरडाकडे पाहिलं, पुरचुंडीकडे पाहिलं, आणि ती उचलून परसात नेली. कशासाठी ते मी विचारलं नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता.