खुर्च्यांच्या खुणा

ढालगाव मागं टाकून जतच्या बाजूला निघालं की दोन्ही हातांना पवनचक्क्या लागतात. त्या पट्ट्यातल्या एका माळावर फेब्रुवारीत झालेल्या मोटारींच्या शर्यतीचं काम मी घेतलं होतं. धंदा माझा मंडपाचा. वासे, कनाती, खुर्च्या, लोखंडी बॅरिकेड. तासगाव, कवठेमहांकाळ, विटा या भागातली लग्नं, जत्रा, कुस्त्यांची मैदानं, आणि २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं परवानगी दिल्यापासून बैलगाड्यांच्या शर्यती, हे सगळं करत आलो. मोटारींची शर्यत पहिलीच.

माळावर एक जुना पाझर तलाव आहे. त्या साली तो दिवाळीलाच आटलेला. तलाव नि त्याचा बांध मधे ठेवून भोवतीनं सव्वा किलोमीटरचा मुरमाचा ट्रॅक शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या पोरांनी जेसीबी लावून काढला होता. बांधाच्या पूर्वेनं उत्तरेकडं जाणारी लांब सरळ पट्टी, तिच्या टोकाला डावीकडं मोठं वळण, मग सांडव्याजवळ एक उंचवटा, आणि तलावाच्या कोरड्या पोटातनं परत सुरुवातीला. गाडी एकेक सोडायची आणि घड्याळावर वेळ मोजायची. जिप्सी, मारुती ८००, एस्टीम अशा गाड्या होत्या, पोरांनी आपापल्या गॅरेजमधे तयार केलेल्या.

आदल्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष मला मोठ्या वळणाच्या बाहेर घेऊन गेले. म्हणाले, "पाहुण्यांचा मंडप हितं. गाडी सरळ अंगावर येतीया असं वाटतंय बघा. लई भारी दिसतंय."

दिसत खरंच भारी होतं. अख्खी सरळ पट्टी समोर, गाडी लांबून वाढत वाढत येणार आणि ऐन समोर वळणार. मलाही पटलं. बैलगाडीच्या मैदानातही माणसं गाडी येते त्या तोंडालाच उभी राहतात आणि गाडी जवळ आली की दोन्हीकडं पांगतात. मी ट्रॅकच्या कडेपासून वीस पावलं सोडून वासे रोवले, दोर बांधला, दीडशे खुर्च्या मांडल्या आणि पुढच्या रांगेला सोफे लावले. रात्री तिथंच ट्रकमधे झोपलो.

सकाळी सातला पुण्याहून मार्शल मॅडम आल्या, म्हणजे शर्यतीतली सुरक्षा बघणाऱ्या. पस्तिशीच्या असतील. डोक्याला टोपी, हातात झेंड्यांची गुंडाळी. पिवळा म्हणजे पुढं धोका, वेग कमी करा. लाल म्हणजे शर्यत थांबली. चौकटीचा म्हणजे संपली. बरोबर आलेल्या पोरांना त्या एकेक झेंडा हातात देऊन जागा दाखवत होत्या. चालत चालत माझ्या मंडपाशी आल्या आणि थांबल्या.

"काका, इथं कोण बसणार?"

"पाहुणे."

"सराव होईपर्यंत कुणाला बसू देऊ नका."

एवढंच बोलून पुढं गेल्या. मला थोडा राग आला. एवढं सजवून ठेवलेलं, आणि बाईंनी एका वाक्यात रिकामं ठेवायला सांगितलं.

सरावाला चार गाड्या सुटल्या, प्रत्येकीचे दोन फेरे. वळणावर गाडी मागनं घसरायची, मागची चाकं मुरूम उकरायची आणि तो मुरूम फवाऱ्यासारखा बाहेर उडायचा. लांबून बघताना ते फार देखणं वाटतं. फेऱ्या संपल्यावर मॅडम मला म्हणाल्या, चला.

पहिल्या दोन रांगांत मुरूम पडला नाही अशी एक खुर्ची नव्हती. एकीची पाठ तडकलेली. मधल्या सोफ्याच्या पांढऱ्या खोळीवर मुठीएवढा दगड बसलेला, कुणी आणून ठेवल्यासारखा. आमदार आले असते तर त्याच जागी बसले असते. मॅडमनी तो उचलून माझ्या हातात दिला. सकाळची वेळ, ऊन अजून चढलं नव्हतं, तरी तो दगड मला गरम लागला.

"गोफण बघितलीय ना काका?" त्यांनी विचारलं.

गोफण मी लहानपणी चालवलीय, शाळवाच्या राखणीला. दोरी सुटली की दगड गोल फिरत राहत नाही, सुटल्या क्षणी ज्या दिशेला होता त्या दिशेला सरळ जातो. मॅडम म्हणाल्या, घसरलेली गाडीही तशीच. चाकांची पकड आहे तोवर ती वळते. पकड सुटली की वळण विसरते आणि सरळ बाहेर जाते. वळणाच्या बाहेर बसलेला माणूस गोफणीसमोर बसलेला असतो. आणि वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर दुप्पट नाही, चौपट लागतं. चाळीसच्या वेगाला दहा पावलांत थांबणारी गाडी ऐंशीला चाळीस पावलं घेते. माझी वीस पावलं कसल्या हिशेबानं सोडली होती, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं.

मंडप काढायला घेतला. अध्यक्ष पळत आले, वाद झाला. मॅडमनी आवाज चढवला नाही. त्यांनी पोर्तुगालचं सांगितलं. १९८६ साली तिथल्या मोटारींच्या रॅलीत माणसं थेट रस्त्यावर उभी राहायची आणि गाडी अगदी जवळ आली की बाजूला व्हायची. एका चालकानं माणसं चुकवायला गाडी वळवली, ती हातातनं सुटली आणि गर्दीत घुसली. तिघं गेले. त्या जातीच्या ताकदवान गाड्या त्या सालानंतर रॅलीतनं बंदच झाल्या. त्याआधी १९५५ च्या जूनमधे फ्रान्समधल्या ल मांसच्या शर्यतीत एक मर्सिडीज दुसऱ्या गाडीवर चढून उडाली, तिचे तुकडे प्रेक्षकांत गेले आणि ऐंशीच्या वर माणसं मेली. ती माणसं तर सरळ रस्त्याच्या कडेला, मातीच्या बांधापलीकडं उभी होती.

अध्यक्ष गप्प झाले. मीही. गाडी जवळ आली की बाजूला व्हायचं, हे मी शंभर मैदानांत बघितलं होतं आणि त्याला प्रेक्षकांची हुशारी समजत आलो होतो.

दहाला माणसं यायला लागली. गाव पूर्वेला, रस्ता पूर्वेला, त्यामुळं सगळी गर्दी वळणाच्या बाहेरच उतरली. मोटारसायकली, पिकअप, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. बघता बघता दोन-अडीच हजार माणूस. मी दोर साठ पावलांवर मागं नेला. लोक दोर उचलून खालनं पुढं आले. बॅरिकेड लावले, त्यांच्यावर पोरं चढून बसली. दोन बाभळी होत्या, त्या भरल्या. स्पीकरवरून समालोचक ओरडत होता, मागं सरका, मागं सरका. दोन पोलीस काठी आपटत फिरत होते. ते पुढं गेले की मागची माणसं पुन्हा पुढं. मॅडमनी निरोप पाठवला, गर्दी हटल्याशिवाय एकही गाडी सुटणार नाही.

मी एका म्हाताऱ्या बाबांना हाताला धरून मागं न्यायला लागलो. धोतर, डोक्याला फेटा, बरोबर सहा-सात वर्षांचा नातू. बाबांनी हात सोडवून घेतला नाही. चालता चालता म्हणाले, "आमी काय मरायला न्हाई आलो बाबा. बगायला आलोय. मागनं पोराला काय दिसणार? कुठनं दिसतंय तेवढं सांग, तिथं जातो."

मी उभाच राहिलो. सकाळपासून मी, अध्यक्ष, पोलीस, समालोचक, सगळे त्या माणसांना कुठं उभं राहायचं नाही एवढंच सांगत होतो. कुठं राहायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. माणूस चार-पाच कोस येतो तो दोराच्या मागं उभा राहायला येत नाही.

आणि मला कुंडल आठवलं. कुंडलचं कुस्त्यांचं मैदान ज्यानं बघितलंय त्याला कळेल. डोंगराच्या उतारावर माणसं बसतात, खाली मातीत पैलवान. मागच्या माणसालाही कुस्ती स्वच्छ दिसते, कारण पुढचा त्याच्या पायाखाली असतो. तिथं मी कामाला गेलोय. एवढ्या गर्दीला बसवायचं काम तिथं निम्मं त्या डोंगरानंच केलेलं असतं.

मी बाबांना तिथंच सावलीला बसवलं आणि बांधावर चढलो. वीस फूट उंच, दोनशे पावलं लांब. वर उभा राहिलो तर सगळा ट्रॅक ताटात वाढल्यासारखा. सरळ पट्टी, मोठं वळण, सांडव्याचा उंचवटा, मागं वळलं की तलावातला परतीचा रस्ता. बांध सगळ्या वळणांच्या आतल्या अंगाला, गोफणीच्या मुठीशी. पूर्वेच्या पायथ्यापासून ट्रॅक सत्तर पावलं लांब. पवनचक्क्यांकडं बघितलं. पवनचक्कीचं तोंड कायम वाऱ्याकडं असतं, आणि त्या सगळ्या पश्चिमेला तोंड करून होत्या. म्हणजे बांधावर बसलेल्याची पाठ वाऱ्याला, धूळ सगळी पलीकडं जाणार. दुपारनंतर ऊनही पाठीला. बाहेरच्या बाजूला मात्र धूळ तोंडावर आणि सूर्य डोळ्यांत. आम्ही दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या तिथं दुपारी तीननंतर काही दिसलंच नसतं.

मॅडमना वर बोलावलं. त्या एक मिनिट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, ग्रेटर नोएडाला २०११ साली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली तेव्हा मी कॉलेजात होते. तिथं किलोमीटरभराच्या सरळ रस्त्याच्या शेवटच्या वळणापाशी बसले होते. तीनशेच्या वर वेगानं येणारी गाडी तिथं जोरात ब्रेक मारते. सरळ रस्त्यावर बसलं तर गाडी डोळ्यांसमोरनं जाते आणि संपते. मागं टाकायचं, चुकायचं, सावरायचं, सगळं ब्रेकवर घडतं. या बांधावरून तेच दिसणार आहे. आणि तिथं पाच किलोमीटरच्या ट्रॅकमधलं मला एकच वळण दिसत होतं."

पण त्यांनी अटी घातल्या, आणि त्या सगळ्या बरोबर होत्या. ट्रॅक ओलांडून आत यायला सुरुवातीच्या रेषेपाशी एकच फाटक. चार गाड्या झाल्या की पाच मिनिटं उघडायचं, तेही लाल झेंडा दाखवून. एक रुग्णवाहिका आतच उभी करायची. तलावाकडच्या उताराला दगडांचं अस्तर आहे, ते जागोजागी सुटलेलं. त्या बाजूला कुणी उतरायचं नाही. मी माथ्यावर त्या अंगाला सगळ्या लांबीला दोर मारला. सरपंचांना विचारून घेतलं.

आता माणसं हलवायची. अर्धा किलोमीटर उन्हातनं चालून या, असं स्पीकरवर सांगून कोण येतं? मंडपवाल्याला एक गोष्ट माहीत असते. गर्दी पाण्याकडं जाते, खाण्याकडं जाते आणि आवाजाकडं जाते. पहिल्यांदा पाण्याचा टँकर बांधाच्या दक्षिण टोकाला नेला. मग वडापावचे दोन गाडे आणि रसवंती. रसवंतीवाला नको म्हणत होता, त्याला मी माझ्या खिशातनं दोनशे रुपये दिले. शेवटी स्पीकरचे कर्णे बाहेरचे काढून बांधावर बांधले. समालोचकाला सांगितलं, मागं सरका बंद कर. आता एवढंच म्हण, की बांधावरून सगळा ट्रॅक दिसतोय, धूळ नाही, पाणी आहे.

सगळ्यात आधी मी त्या बाबांना आणि नातवाला घेऊन गेलो. वर पोचल्यावर बाबांनी पोराला खांद्यावर घ्यायला हात पुढं केले, मग समोर बघून तसेच खाली घेतले. गरजच नव्हती. पोरगं स्वतःच्या पायावर उभं राहून बघत होतं.

मागनं बायका आल्या, मग ट्रॉल्यांमधली माणसं. वर पहिली शंभर-दोनशे बसलेली दिसल्यावर बाकीच्यांना सांगावं लागलं नाही. तासाभरात बाहेरची बाजू ओस पडली. बाभळीवरची पोरं शेवटी उतरली, तीही रस प्यायला. पाहुण्यांचे सोफे मी बांधाच्या पायथ्याशी टाकले, पण बहुतेक पाहुणे वर येऊन लोकांत बसले.

साडेबाराला पहिली गाडी सुटली. शर्यतीचं मी फार सांगत नाही, कारण मी निम्मा वेळ फाटकावर होतो. अठ्ठावीस गाड्या धावल्या. सांडव्याच्या उंचवट्यावर चारी चाकं सुटली की बांधावरनं जो आवाज उठायचा तो मी कुस्तीच्या मैदानातच ऐकलाय. दुपारी चारच्या सुमाराला एक निळी जिप्सी मोठ्या वळणावर धुळीत गेली. गेली ती दिसेना. पिवळा झेंडा हलला. लोक उठून उभे राहिले. मग धुळीतनं तिचं नाक बाहेर आलं, ती परत ट्रॅकला लागली आणि टाळ्या पडल्या. त्या पोराचे काही सेकंद गेले, नंबर गेला, एवढंच. पुढची गाडी सुटली आणि मीही ते विसरलो.

सहाला बक्षिसं झाली. गर्दी गेली. माझी माणसं बांधावरचा दोर काढत होती. मी बाहेरच्या बाजूला राहिलेल्या मेखा उपटायला एकटाच गेलो, हातात पहार घेऊन. उजेड अजून होता.

मुरूम भुसभुशीत होता, त्यामुळं सकाळच्या खुर्च्यांच्या पायांच्या खुणा तशाच होत्या. चार-चार छिद्रं, ओळीनं. पुढच्या रांगेला सोफ्यांचे चौकोनी ठसे. आणि त्या ठशांवरनं, तिसऱ्या रांगेतनं आरपार, चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या गेलेल्या. जिप्सीच्या. त्या पुढं जाऊन रुंद वळसा घेऊन पुन्हा ट्रॅककडं वळल्या होत्या.

मी ट्रॅकच्या कडेला गेलो आणि चाकोरीच्या बाजूनं पावलं मोजत चाललो. सगळ्यात लांब जिथं चाक गेलं होतं तिथवर एक्केचाळीस पावलं. दुसऱ्यांदा मोजली, तेवढीच आली.

मॅडम त्यांच्या गाडीत सामान भरत होत्या. त्यांना बोलावून आणलं. त्या खाली बसल्या, एका छिद्रात बोट घालून बघितलं आणि कितीतरी वेळ उठल्या नाहीत. मग मोबाईल काढून फोटो घेतला आणि विचारलं, "पुढच्या वर्षी मंडपाचं काम तुमचंच ना?"

मी म्हणालो, "माझंच. आदल्या दिवशी तुम्ही या. आधी बांधावर जाऊ, मग वासा रोवू."

अंधार पडायच्या आत मेखा उपटून झाल्या. सोफ्यावरचा तो दगड मी ट्रकच्या केबिनमधे ठेवला. तो अजून तिथंच आहे.