नानांच्या पानातलं गोड : होळी २०२२ ते होळी २०२५

पुरण जमलं. १३ मार्चला, होळीच्या दिवशी, कढईतल्या पुरणात उलथनं रोवलं आणि ते उभं राहिलं. गूळ नाही, साखर नाही, तरी उभं राहिलं. ज्यांनी बिनगुळाचं पुरण शिजवून पाहिलंय त्यांना याचा आनंद कळेल. त्या पुरणापर्यंत पोचायला मला चार होळ्या लागल्या, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितेय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. नाना म्हणजे माझे सासरे. वय ७६, मधुमेहाला चौदा वर्षं झाली, इन्सुलिन नाही, गोळ्यांवर आहेत. आम्ही साताऱ्याकडचे, सणाला पुरण म्हणजे पुरणच. पानात गोड नसलं तर नाना तक्रार करत नाहीत, नुसते लवकर उठतात. ते मला बघवेना. तेव्हापासून एक वही घातली आहे. त्यात पदार्थ, वजनं, आणि जेवायला सुरुवात केल्यापासून बरोबर दोन तासांनी बोट टोचून घेतलेली शुगर. घरच्या ग्लुकोमीटरचा आकडा १५ टक्के इकडे-तिकडे असू शकतो, त्यामुळे १५० आणि १६० यात मी फरक धरत नाही. १५० आणि २२० यात धरते. डॉक्टरांनी नानांसाठी जेवणानंतर १८० च्या आत असं सांगितलंय, तेवढंच माझं माप.

२०२२ च्या होळीला मी साखरेऐवजी सेंद्रिय गूळ घातला आणि निर्धास्तपणे दोन पोळ्या वाढल्या. आकडा आला २७१. "गूळ चालतो" हे आपल्याकडे इतक्या जणांनी इतक्या खात्रीनं सांगितलेलं असतं की मला तो आकडा खोटा वाटला, दुसऱ्या बोटावर पुन्हा टोचलं. २६४. गुळात थोडं लोह असतं, खनिजं असतात, हे खरं. पण गूळ मुख्यतः साखरच आहे आणि रक्तात ती साखरेसारखीच वागते. मधाचं आणि खजुराचंही तेच. खजुराच्या वड्यांवर "साखर घातलेली नाही" असं छापलेलं असतं ते खोटं नसतं, पण वाळलेल्या खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर मुळातच असते.

त्या रात्री पहिल्यांदा एका पोळीचा हिशोब मांडला. आपल्याकडे डाळीइतकाच गूळ. एका भरगच्च पोळीत कच्ची डाळ साधारण २५ ग्रॅम, गूळ २५ ग्रॅम आणि वरची कणीक ३० ग्रॅम. गुळाची कर्बोदकं (म्हणजे पोटात गेल्यावर ज्यांची रक्तात साखर होते ती) २१ ग्रॅमच्या आसपास, कणकेची १९-२०, डाळीची ११-१२. म्हणजे एक पोळी पन्नाशीच्या पुढे गेली. गूळ काढून टाकला तरी तीस उरतात, आणि त्यातला मोठा वाटा पुरणाचा नाही, वरच्या कणकेचा आहे. हा आकडा मी तेव्हाच वहीत लिहिला होता. त्याचा अर्थ कळायला मात्र तीन वर्षं गेली, कारण माझं सगळं लक्ष गोडीकडे होतं.

गोडीचं सांगते. २०२३ ला एरिथ्रिटॉल आणलं, म्हणजे साखरेसारखी दिसणारी पण रक्तातली शुगर न वाढवणारी गोडी, आणि गुळाच्या जागी गुळाच्याच वजनानं घातलं. गरम असताना पुरण सुंदर लागलं. गार झालं तसं त्यात खडे धरायला लागले, पोळी लाटताना ते खडे पारीला टोचले आणि चारातल्या तीन पोळ्या तव्यावर फुटल्या. एरिथ्रिटॉल पाण्यात साखरेच्या मानानं फारच कमी विरघळतं. गरमपणी विरघळलेलं थंड झालं की पुन्हा स्फटिक होऊन वर येतं. शिवाय ते तोंडात विरघळताना जिभेला गारवा लागतो. नानांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "अगं, यात पेपरमिंट घातलंस का?"

२०२४ ला नुसता स्टीव्हियाचा, म्हणजे एका वनस्पतीच्या गोड पानांचा, अर्क वापरला. खडे गेले, पण मागून ज्येष्ठमधासारखी कडवट चव यायला लागली आणि पुरणाचा भुगा झाला. तेव्हा कढईसमोर उभं राहून नीट पाहिलं की गूळ पुरणात नेमकं करतो काय. डाळीत पडला की तो आधी वितळतो, पुरण सैल होतं, मग आटता आटता त्याचा पाक होतो आणि तो पाक डाळीच्या कणाकणाला धरून ठेवतो. म्हणजे गोडीबरोबर बांधणीही त्याचीच. मी गोडी बदलत होते आणि बांधणीच्या जागी काहीच देत नव्हते.

यंदाचं माप असं. हरभऱ्याची डाळ २०० ग्रॅम, चार तास भिजवून, चमचाभर तेल आणि चिमूट हळद घालून बोटानं सहज दबेल इतकी शिजवली. कट पूर्ण गाळला आणि डाळ पंधरा मिनिटं चाळणीत निथळत ठेवली, यात घाई नको. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढली, कारण गार डाळ कणीदार राहते आणि नंतर कितीही परतली तरी जुळून येत नाही. कढईत दोन चमचे तूप, त्यावर वाटलेली डाळ, तीन मोठे चमचे दूध, मिक्सरला पिठासारखं दळलेलं ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परतलं. मग एक सपाट चहाचा चमचा इसबगोल वरून भुरभुरवला, ढवळलं, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकलं. इसबगोल पाणी ओढून घेतो आणि गुळाचा पाक धरायचा तसं पुरण धरतो. हीच ती जागा, जी गूळ काढल्यापासून दोन होळ्या रिकामी होती. स्टीव्हिया सगळ्यात शेवटी, थेंबाथेंबानं, चाखत. आणि चिमूटभर मीठ, त्यानं कडवटपणा बराच दबतो. जायफळ आणि सुंठ नेहमीपेक्षा थोडं जास्त. वेलदोडा मी वगळते, त्यानं स्टीव्हियाची ती मागची चव उलट उठून दिसते असं मला वाटतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

एक सावधगिरी: हे पुरण टिकत नाही. गुळाचं पुरण दोन दिवस बाहेर तग धरतं, कारण गूळ पाणी बांधून ठेवतो. हे त्याच दिवशी संपवायचं, नाहीतर लगेच फ्रीजमध्ये.

स्टीव्हिया विकत घेताना डब्याची मागची बाजू वाचाच. कितीतरी पुड्यांमध्ये पहिला घटक माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असतो, आणि ते दोन्ही शुगर झपाट्यानं वाढवतात. चहात एक पुडी टाकली तर फारसं बिघडत नाही, पण पुरणात वीस पुड्या गेल्या तर बिघडतं. मी निव्वळ अर्क आणते. १ ग्रॅम अर्क ५० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत ठेवते. चिमटीनं घातला तर दर वेळी गोडी वेगळी येते. अस्पार्टेम ही कृत्रिम गोडी मात्र शिजवायच्या पदार्थात नको, उष्णतेनं त्याची गोडी उडून जाते.

एरिथ्रिटॉल मी १२० ग्रॅमवरून ३० वर आणलं त्याला खड्यांखेरीज आणखी एक कारण आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉलचं प्रमाण जास्त होतं त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाणही जास्त आढळलं. एकामुळे दुसरं होतं हे त्यातून सिद्ध होत नाही, शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल तयार करतं. पण नानांच्या वयाच्या मधुमेही माणसाला मी ते वाटीवाटीनं घालणार नाही. मुलांना तर यातलं काहीच देत नाही, त्यांच्यासाठी साखरेचं, पण थोडं.

आता श्रीखंड. आणि त्या दिवसाचं, जे लिहायचं मी वर्षभर टाळलं.

श्रीखंड खरं तर आपल्यासाठी सगळ्यात सोपं. चक्क्यात साखर साधारण वजनास वजन पडते, म्हणजे १०० ग्रॅमच्या वाटीत ५० ग्रॅम साखर. ती काढली की उरतो चक्का, त्यात १०० ग्रॅमला पाचेक ग्रॅम कर्बोदकं, कारण दुधातली बरीचशी साखर पाण्याबरोबर पंचातून निघून जाते. (बासुंदीत उलटं होतं. लिटरभर दुधातली ४५-५० ग्रॅम दुग्धशर्करा आटवून आटवून जिथल्या तिथेच राहते. म्हणून बासुंदीचा नाद मी सोडला.) अडचण आंबटपणाची आणि घट्टपणाची. साखरेनं चक्का सैल, चकचकीत होतो, नुसता चक्का घशात चिकटतो. उपाय म्हणजे दही गोडसरच असताना काढायचं, पंचात बांधून फ्रीजमध्येच टांगायचं, रात्रभर नाही तर पाच तास, आणि फेटताना दोन चमचे साय. ४०० ग्रॅम चक्क्याला २५ ग्रॅम दळलेलं एरिथ्रिटॉल, बाकी गोडी स्टीव्हियाच्या थेंबांची. केशर कोमट दुधात.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. नानांना मोठी वाटी श्रीखंड, दोन पुऱ्या, बटाट्याऐवजी मटकीची उसळ. भात नाही. दोन तासांनी आकडा १२८. मी तो आकडा सगळ्यांना दाखवत फिरले.

पाच वाजता मी बाजारात होते. नानांना दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. सासूबाईंनी लगेच मशीन लावलं: ५८. शुगर उतरली की साखर-पाणी द्यायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ओट्यावरच्या बरणीतले तीन चमचे पेल्यात ढवळून पाजले. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं: ५५. नाना बोलताना अडखळायला लागले होते. तेवढ्यात मी आले. ओट्यावर बरणी उघडी होती. पांढरी, दाणेदार, अगदी साखरेसारखी. एरिथ्रिटॉल.

ग्लुकोजची पावडर घरात होती. तीन चमचे पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी आकडा ८६. मग अर्धी भाकरी आणि दूध. रात्री दहापर्यंत मी त्यांच्या शेजारून हलले नाही. सासूबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "गोडच तर होतं गं ते." त्यांची काहीच चूक नव्हती. बरणीवर नाव लिहिलं नव्हतं, ते माझं काम होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नानांची एक गोळी अशी आहे की पोटात काही असो-नसो, ती शुगर खाली ओढत राहते. मी सकाळची गोळी तशीच ठेवून दुपारच्या पानातून साखर, भात, बटाटा, सगळं एकदम काढलं होतं. त्यांनी गोळी बदलून दिली आणि बजावलं, की जेवणात एवढा फरक करायचा असेल तर आधी फोन करायचा. तुमच्या घरी कुणी गोळ्यांवर किंवा इन्सुलिनवर असेल तर हे आधी करा, श्रीखंड मागाहून. माझ्याकडे आता गोडीच्या सगळ्या बरण्या वेगळ्या कपाटात आहेत, झाकणाला लाल चिकटपट्टी, आणि मोठ्या अक्षरात "ही साखर नाही". ग्लुकोजचा डबा नानांच्या पलंगाशी.

मोदकांचं थोडक्यात. नाचणीच्या उकडीचे केले, पारीला चिरा गेल्या, आणि आकडा तांदळाच्या मोदकांइतकाच आला. नाचणीत तंतू आणि कॅल्शियम चांगलं, पण पीठ म्हणून ती बरीचशी स्टार्चच आहे. त्यामुळे आता नानांना तांदळाच्या उकडीचेच दोन, अगदी पातळ पारीचे. सारण ओल्या नारळाचं, बांधायला भिजवून वाटलेली खसखस, आणि त्या दिवशी भात नाही. हे डॉक्टरांना विचारून.

आणि यंदाची होळी. पुरण उभं राहिलं तेव्हा कणीक मळून तयार होती. वहीतलं २०२२ चं पान उघडं होतं आणि त्यात कणकेच्या पुढे लिहिलेलं १९-२० दिसत होतं. सासूबाई नैवेद्याचं पान वाढत होत्या. त्यात पोळीच्या शेजारी पुरणाची मूद असतेच, वर तुपाची धार. मी नानांच्या पानात पुरणपोळीऐवजी ती मूदच वाढली. ५० ग्रॅमची मूद, तूप, कटाची आमटी, अर्धी साधी पोळी, कोशिंबीर. तेवढ्या मुदीत कर्बोदकं दहाच्या आसपास.

नानांनी मूद बोटांनी फोडली, आमटीत न बुडवता तशीच खाल्ली, आणि पुन्हा हात पुढे केला. चमचाभर आणखी वाढलं. दोन तासांनी १५४. रात्री झोपताना १२१. पाडव्याला अजून दोन दिवस आहेत, तेव्हा हाच प्रयोग श्रीखंडाबरोबर करायचाय, डॉक्टरांशी बोलणं झालंय.

एक गोष्ट विचारायची होती. नारळाची वडी कुणाला बिनसाखरेची थापता आली आहे का? ती पाकावरच उभी असते. इसबगोल घालून मी दोनदा केली, दोन्ही वेळा सुरी लावली की कडा ढासळल्या. नानांना नारळीपौर्णिमेला ती हवी असते, आणि माझ्याकडे ऑगस्टपर्यंतच वेळ आहे.