शून्य यायला हवं होतं

आमच्या प्रयोगात बॅटरी नसते. गॅलियम आर्सेनाइडचा पाच मिलिमीटरचा चौकोनी तुकडा, त्याच्या पोटात काही नॅनोमीटर जाडीच्या क्वांटम वेल्स (इलेक्ट्रॉनांना आत कोंडून ठेवणारे पातळ थर) आणि चार कडांच्या मध्यावर इंडियमचे चार ठिपके. समोरासमोरच्या दोन ठिपक्यांना तारा जोडायच्या, व्होल्टेज द्यायचं नाही आणि वर्तुळ-ध्रुवित लेसर सोडायचा, म्हणजे ज्याचं विद्युतक्षेत्र पुढे जाताना मळसूत्रासारखं पिळत जातं असा. तरी प्रवाह वाहतो. प्रकाशाचा पीळ उजव्याचा डावा केला की प्रवाहही उलटा फिरतो. पाच वर्षं हे बघतेय, तरी लॉक-इनवरचा (गोंगाटातून क्षीण सिग्नल वेचणाऱ्या यंत्रावरचा) आकडा अधिकचा उणे झाला की अजूनही हात थांबतो.

या स्फटिकाला केंद्र-सममिती नाही, म्हणजे मध्यबिंदूतून उलटवला तर तो तसाच दिसत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याच्या अंगभूत फिरकीचा बाण) कुठे रोखलेला आहे त्यावर, डावीकडे जाताना त्याची ऊर्जा वेगळी आणि उजवीकडे जाताना वेगळी. वर्तुळ-ध्रुवित फोटॉन विशिष्ट स्पिनचेच इलेक्ट्रॉन जास्त उचलतो, म्हणून एका दिशेचे इलेक्ट्रॉन जास्त भरतात. 1978 मध्ये इव्हचेन्को आणि पिकुस यांनी हे गणिताने मांडलं होतं. पण 001 दिशेने, म्हणजे स्फटिकाच्या एका मुख्य अक्षावर, वाढवलेल्या वेलमध्ये सममिती एक अट घालते: प्रकाश बरोबर काटकोनात पडला तर हा प्रवाह शून्य. स्पिनचा थोडा तरी भाग वेलच्या प्रतलात यावा लागतो, म्हणून बीम तिरपा पाडायचा. तोही किती? बाहेर 30 अंश दिले तरी अपवर्तनामुळे आत जेमतेम 8 अंश उरतात. एवढ्याशा कलण्यावर सगळा सिग्नल उभा असतो.

त्या दिवशी मी उणे 30 पासून अधिक 30 अंशांपर्यंतचा आलेख घेत होते. दोन्ही टोकांना दोन-दोन नॅनोअँपियरच्या आसपास, चिन्हं उलट. रेषा छान होती, फक्त ती शून्यातून जात नव्हती. शून्य अंशाला 0.3 नॅनोअँपियर. आणि तो आकडाही प्रकाशाच्या पिळाबरोबर उलटत होता, म्हणजे लेसरच्या उष्णतेने निघणारा प्रवाह नव्हे. उष्णतेला उजवं-डावं कळत नाही.

खरं तर हा 0.3 माझ्या ओळखीचा होता. वहीत त्याला 'ऑफसेट' असं नाव होतं आणि कित्येक महिने मी तो प्रत्येक आलेखातून वजा करत आले होते. सॅम्पल थोडा कललेला असणार, असं धरून. त्या दिवशी पहिल्यांदाच हिशोब केला: एवढा प्रवाह कलण्यातून यायला सॅम्पल चार-साडेचार अंश तरी वाकडा हवा. परावर्तित बीम तर दोन मीटरवरच्या पिनहोलमध्ये बरोबर परत येत होता. चार अंश वाकडा असता तर तो टेबलाबाहेर गेला असता.

मग क्रायोस्टॅटच्या, म्हणजे सॅम्पल थंड ठेवणाऱ्या भांड्याच्या, खिडकीवर संशय. थंड होताना काचेत ताण येतो आणि ध्रुवीभवन बिघडतं, हा खरोखरचा त्रास आहे. सॅम्पल बाहेर काढला, खोलीच्या तापमानाला, मध्ये खिडकी नाही. आकडा थोडा बदलला, पण गेला नाही. प्रकाशाला पीळ देणारी क्वार्टर-वेव्ह प्लेट पूर्ण फिरवली: दोन आवर्तनं, स्वच्छ, म्हणजे सिग्नल पिळाचाच.

सरांना दाखवलं. त्यांनी आलेखाकडे फार वेळ पाहिलंही नाही. "अगं, स्पॉट कुठे ठेवलायस?"

"मध्यावर."

"डोळ्याने?"

डोळ्यानेच. लेसरचा स्पॉट एक मिलिमीटरचा, तो दोन ठिपक्यांच्या रेषेवर आहे की किंचित वर, हे मी कधी मोजलंच नव्हतं. मायक्रोमीटर स्क्रूने सॅम्पल त्या रेषेला काटकोनात, दशांश-दशांश मिलिमीटरने सरकवायला घेतला. 0.3 चा 0.2 झाला, मग 0.1, मग लॉक-इनचा आकडा शून्याभोवती कापत राहिला, आणि पुढच्या फेऱ्यात उणे. पलीकडे उणे 0.5 पर्यंत जाऊन तो हळूहळू विरला. अलीकडच्या बाजूलाही तसाच, फक्त अधिक. सरकवलेला स्पॉट तसाच ठेवून दुसऱ्या जोडीच्या ठिपक्यांवर तारा लावल्या. तिथे काही नाही.

प्रवाह भोवऱ्यासारखा होता. काटकोनात पडलेला प्रकाश स्पिन सरळ वर रोखतो. स्पॉटच्या मध्यावर असे इलेक्ट्रॉन दाट आणि कडेला विरळ, म्हणून ते चहूबाजूंनी बाहेर पसरतात. पसरताना स्पिन-कक्षा युग्मनामुळे (स्पिन आणि गती यांच्या जोडणीमुळे) प्रत्येक जण एकाच हाताला वळतो. द्याकोनोव्ह आणि पेरेल यांनी 1971 मध्ये स्पिन आणि प्रवाह यांचं जे नातं सांगितलं (प्रवाह वाहिला की उलट स्पिनचे इलेक्ट्रॉन उलट बाजूंना सरतात), त्याचीच ही उलट बाजू. सगळ्यांची वळणं मिळून स्पॉटभोवती गोल फिरणारा प्रवाह होतो. स्पॉट रेषेच्या नेमका मध्यावर असेल तर भोवऱ्याच्या दोन बाजू एकमेकींना खोडतात, सरकला की एक बाजू वरचढ ठरते. सममितीचा नियम मोडलाच नव्हता. तो एकसारख्या उजळलेल्या वेलसाठी आहे आणि माझा स्पॉट एकसारखा नव्हता. 2008 मध्ये गॅलियम नायट्राइडच्या थरांत हाच भोवरा दाखवला गेला होता. तो निबंध मी वाचला होता, खुणाही केल्या होत्या, आणि तरी स्वतःच्या टेबलावर तो ओळखला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

रात्री जुन्या फाइल उघडल्या. वजा केलेले ऑफसेट एका खाली एक लिहून काढले: काही अधिक, काही उणे, एका सॅम्पलवर सलग नऊ दिवस एकच चिन्ह आणि दहाव्या दिवशी उलटं. त्या दहाव्या दिवशी मी आरसा बदलला होता, तशी नोंद वहीतच होती. दुसऱ्या दिवशी तोच सॅम्पल पुन्हा बसवला आणि वहीत नवा रकाना आखला: स्पॉटची जागा, मिलिमीटरमध्ये.