मुंडण नव्हे, केशरोपण

केशरोपण करून घेतल्याच्या सहाव्या दिवशी सोसायटीच्या लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे एक ज्येष्ठ गृहस्थ भेटले. माझ्या डोक्याकडे पाहून ते गंभीर झाले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आम्हाला कळलंच नाही हो. कधी झालं?" माझे वडील गेले असा त्यांचा समज झाला होता, आणि वडील त्या वेळी घरी खिडकीपाशी बसून शेंगा सोलत होते. "बाबा ठणठणीत आहेत, माझ्याच डोक्याला जरा त्वचेचा त्रास आहे," असे अर्धे खरे उत्तर देऊन मी बाहेर पडलो.

आपल्याकडे भादरलेल्या डोक्याचे ठरलेले दोन-तीन अर्थ असतात. घरात कोणी गेले असेल, नाहीतर तिरुपतीचा नवस फेडला असेल, नाहीतर मोठे आजारपण असेल. पहिल्या महिन्यात हे सगळे अर्थ माझ्या वाट्याला आले. आईला तर खरे कारण माहीत असूनही नवरा समोर बसलेला असताना मुलाचे असे डोके पाहवत नव्हते, आणि ती मला जेवायला वाढतानाही नजर ताटावरच ठेवत असे.

शस्त्रक्रियेविषयी मी आधी भरपूर वाचले होते. एफयूई पद्धतीत डोक्याच्या मागच्या भागातून एकेक ग्राफ्ट, म्हणजे एक ते चार केसांचा मुळासकट पुंजका, काढून पुढे बसवतात. तिथले केस टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाला सहसा दाद देत नाहीत आणि जागा बदलली तरी तो गुण सोडत नाहीत, हे मला तोंडपाठ होते. पुढचे कित्येक महिने त्या डोक्यासकट माणसांत वावरायचे आहे, याचा विचार मात्र २,२०० ग्राफ्ट बसवून क्लिनिकच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी केलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी कपाळ फुगले आणि संध्याकाळपर्यंत ती सूज पापण्यांवर उतरली, इतकी की डावा डोळा अर्धाच उघडत होता. भूल देताना त्वचेखाली टोचलेला द्रव खाली झिरपतो आणि काही दिवसांत आपोआप ओसरतो, हे डॉक्टरांनी बजावून सांगितले होते, म्हणून मी घाबरलो नाही, पण धाकट्या मुलीने "बाबा, तुला मधमाशी चावली का?" असे विचारले, आणि पुढचे दोन दिवस दारात येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच कारण सांगत राहिलो. पाठीशी तीन उशा लावून अर्धवट बसून झोपणे, सलाइनचा फवारा मारत राहणे, मगातून हळूहळू पाणी सोडणे, यांत तो आठवडा गेला. दहाव्या दिवशी शाम्पूचा फेस लावून बोटांच्या पेरांनी खपल्या सोडवताना प्रत्येक खपलीबरोबर एखादा केसही हातात येऊ लागला. तेव्हा मात्र मी न्हाणीघरातूनच डॉक्टरांना फोन लावला. मूळ आत रुजलेले असते, गळतो तो वरचा केस, असे ते शांतपणे म्हणाले.

बाहेर वावरण्याचे प्रश्न निराळेच होते. हेल्मेट काही आठवडे वर्ज्य असल्याने दुचाकी बंद झाली आणि बस आली. क्लिनिकने दिलेली सैल, गोल किनारीची कापडी टोपी घालून बँकेच्या काउंटरवर बसलो असतो तर मी क्रिकेटचा पंच वाटलो असतो. शेवटी मी शाखेतल्या दोघांना सरळ खरे सांगितले, आणि बाकीच्यांना ते त्यांच्याकडून कळू दिले. असे कळले की लोक तोंडावर विचारत नाहीत, आणि मला तेवढेच हवे होते. चौथ्या आठवड्यात मावसभावाचे लग्न होते. सगळ्या पुरुषांना फेटे बांधले जात होते, आणि माझ्या लालसर डोक्यावर फेटा करकचून आवळणे डॉक्टरांना मान्य नव्हते. सामूहिक छायाचित्रात भगव्या फेट्यांच्या रांगेत मी एकटाच बोडका आहे, आणि ते छायाचित्र मावशीच्या दिवाणखान्यात लागले आहे.

तरीही हे दिवस अवघड म्हणता येणार नाहीत, कारण जखम दिसत असली की माणूस स्वतःलाही सवलत देतो. अवघड गेला तो तिसरा महिना. लालसरपणा गेला होता, खपल्या गेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर लावलेले जवळजवळ सगळे केसही गेले होते. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने मुळे विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि तिथून बाहेर यायला सुमारे तीन महिने घेतात, ही माहिती मला होती. पण आसपासचे जुने केसही थोडे गळाल्याने मी आधीपेक्षा अधिक टकला दिसत होतो, आणि आता कोणी काही विचारतही नव्हते. लोकांच्या लेखी हाच माझा चेहरा होता. रोज सकाळी मोबाइलचा दिवा डोक्यावर धरून अंकुर शोधण्याचा नाद मला लागला. अखेर पत्नीने न्हाणीघरातला आरसा काढून ठेवला आणि महिन्यातून एकदाच, त्याच ट्यूबलाइटखाली, ती स्वतः फोटो काढील असा नियम केला.

त्याच महिन्यात एका रात्री जेवताना वडील माझ्याकडे बघत म्हणाले, "आता अगदी माझ्यासारखा दिसायला लागलास." वडिलांना पस्तिशीतच टक्कल पडले होते. ते हे कौतुकाने म्हणाले, आणि त्यांच्या त्या चेहऱ्यापासून सुटायलाच मी पैसे मोजले होते, हे माझ्या घशात घासासारखे अडकले. मी "हो" म्हणालो आणि आमटी वाढून घेतली.

पाचव्या महिन्यापासून बारीक, कुरळट, परके वाटणारे केस दिसू लागले. आता नववा महिना सरतो आहे. पुढची रेषा भरली आहे, माथा अजून विरळ आहे आणि तिथे वर्ष-दीड वर्ष लागते असे डॉक्टर म्हणतात. गेल्या आठवड्यात नेहमीच्या न्हाव्याकडे गेलो. त्याने मागच्या बाजूने कंगवा फिरवला, ग्राफ्ट काढल्याचे बारीक पांढरे ठिपके पाहिले, आणि काही न विचारता हातातले मशीन खाली ठेवून कात्री घेतली.